न गळणारं पान

“खालचं, डावीकडचं पान,” सर म्हणाले. “टोकाकडून नखाएवढं काप. जास्त नको. आणि मी बाहेर गेल्यावर काप.”

आणि ते खरोखरच बाहेर गेले. कॉलेजच्या वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत मी उरले, लोखंडी कपाटं उरली, डांबरगोळ्यांचा वास उरला आणि टेबलावर ते शीट.

शीट म्हणजे वाळवलेलं झाड चिकटवलेला जाड कागद. अशी चार हजार शीटं त्या कपाटांत होती आणि त्यातली निम्मी तरी प्रा. रघुवीर तेंडोलकरांनी, म्हणजे आमच्या सरांनी, स्वतः डोंगर तुडवून जमवली होती. पण हे शीट वेगळं होतं. घाटमाथ्यावरच्या एका म्हाताऱ्या जांभळावर मध काढायला चढलेल्या धाकू गावडेनं फांदीवर वाढलेली ही वीतभर आमरी, म्हणजे ऑर्किड, खाली आणली होती. सरांनी दोन वर्षं ती भिंगाखाली घातली आणि जाहीर केलं की हे झाड जगातल्या कुठल्याच माहीत असलेल्या प्रजातीत बसत नाही. प्रजाती हे झाडाचं आडनाव समजा. नवं झाड अधूनमधून कुणाला तरी सापडतं. पण नवं आडनाव माणसाच्या वाट्याला आयुष्यात एकदा आलं तरी डोक्यावरून पाणी. सरांनी त्या आडनावाला धाकूचं नाव दिलं. धाकुएला. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाचं नाव लॅटिनमध्ये गेलं, म्हणून गावानं तेव्हा नारळ देऊन धाकूचा सत्कार केला होता.

मी सव्वीस वर्षांची होते. ऑर्किडांची आडनावं आजवर फुलापानांवरून लावलेली. ती डीएनएवरून पुन्हा तपासून बघायची, हे माझं पीएच.डी.चं काम. सरांना डीएनएतलं फारसं कळत नव्हतं आणि ते तसं मोकळेपणानं सांगत. पण त्यांनीच बजावलं होतं, “आधी माझं तपास. नाहीतर लोक म्हणतील, पोरीनं गुरूला वगळलं.”

जिवंत झाड मिळालं असतं तर प्रश्नच नव्हता. पण ते जांभूळ वादळात पडलं आणि त्यानंतर दरसाल शोधूनही सरांना आणि धाकूला ती आमरी पुन्हा दिसली नाही. जगात धाकुएलाचं जे काही होतं, ते माझ्यापुढे त्या कागदावर होतं. तीन पानं आणि फुलांचा एक तुरा.

मी ब्लेड उचललं आणि परत ठेवलं. वीस-बावीस वर्षांचं वाळलेलं पान. जरा दाब जास्त पडला असता तर अख्ख्या पानाचा भुगा झाला असता, आणि बाहेर व्हरांड्यात सर येरझारा घालत होते. त्यांच्या चपला ऐकू येत होत्या. तेवढ्यात मला शीटच्या कोपऱ्यातलं पाकीट दिसलं. प्रत्येक शीटला असं एक कागदी पाकीट चिकटवलेलं असतं. गळालेली पाकळी, सुटलेला तुकडा त्यात जपून ठेवायचा, टाकायचा नाही, अशी आमच्यातली रीत. मी ते उघडलं तर आत एक अख्खं सुटं पान. माझा जीव भांड्यात पडला. शीटला हातही न लावता काम होत होतं. मी ते पान उचलून माझ्या नळीत टाकलं.

“झालं?” सरांनी दारातून विचारलं.

“झालं, सर.”

त्यांनी शीटकडे न बघता त्यावर कागद टाकला आणि कपाटाला कुलूप लावलं. तेव्हा मी खोटं बोलले नव्हते. खोटं पुढे आहे.

बंगळूरच्या प्रयोगशाळेत सात आठवडे गेले. निकाल आला तो असा, की धाकुएला हे वेगळं आडनाव नाहीच. ते डेंड्रोबियमच्या भाऊबंदांत, अगदी मधोमध, मांडी घालून बसलं होतं. डेंड्रोबियम म्हणजे आपल्याकडे घाटात कुठेही दिसणारं, पावसाळा संपला की पानं गाळून काड्या उरणारं ऑर्किड. तिथले प्रमुख खूश झाले. जुनी प्रजाती मोडीत निघते म्हटल्यावर पेपर चांगल्या नियतकालिकात लागणार होता. पुण्याच्या एका संस्थेत मुलाखत होती, तिला दोन महिने राहिले होते. पेपर स्वीकारल्याचं पत्र हातात असतं तर ती जागा माझी, हे मला तिथल्या दोघांनी खाजगीत सांगितलं होतं. आणि जागा नाही मिळाली तर मार्गशीर्षात लग्न, हे घरी ठरलेलं होतं. मुलगासुद्धा बघून ठेवला होता, गडहिंग्लजचा, सिमेंटचा व्यापारी.

निघायच्या दिवशी मी पसारा आवरत होते. पानाचा देठाकडचा उरलेला तुकडा डबीत होता. सहज म्हणून मी तो भिंगाखाली धरला.

देठाची कड सरळ होती. ब्लेडनं कापल्यासारखी, गुळगुळीत, नीट सांध्यावर सुटलेली.

डेंड्रोबियमचं पान असं सुटतं. त्याच्या बुडाशी सांधा असतो, वेळ झाली की पान तिथून अलगद गळतं. धाकुएलाच्या पानाला सांधाच नव्हता. ते झाडावरच सुकतं, कुजतं, चिंध्या होऊन लोंबतं, पण गळत नाही. सरांनी ज्या खुणांवर हे आडनाव उभं केलं होतं, त्यातली मुख्य खूण हीच. ती मी परीक्षेत लिहिली होती, दुसऱ्यांना शिकवली होती. जे पान गळतच नाही, ते पाकिटात गळालेलं कसं सापडेल, हा प्रश्न मला पाकीट उघडताना पडायला हवा होता.

मग बाकीचंही आठवलं. दोन पावसाळ्यांपूर्वी कपाटांना ओल लागली तेव्हा आम्ही सगळी शीटं बाहेर काढून पंख्याखाली वाळवली होती. जमिनीवर पडलेले तुकडे गोळा करून जवळच्या पाकिटांत टाकणारी मीच होते.

आता करायचं काय, ते उघड होतं. परत जायचं, सांगायचं, खरं पान कापायचं, पुन्हा सात आठवडे. सरळ हिशोब. मी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून चहा प्यायले आणि स्वतःची समजूत घातली. सुकलेलं पान कसंही तुटतं. सांध्यासारखं दिसलं म्हणून सांधाच असेल असं नाही. डीएनए खोटं बोलत नाही. डीएनए खोटं बोलत नव्हतंच. ते एका डेंड्रोबियमला डेंड्रोबियम म्हणत होतं.

गावी परतल्यावर मी घरी न जाता आधी कॉलेजात गेले. दुपारची वेळ, वरच्या मजल्यावर कुणी नव्हतं. हर्बेरियमची, म्हणजे त्या शीटांच्या खोलीची, एक किल्ली माझ्याकडे असे. मी शीट काढलं, ब्लेड घेतलं आणि खालच्या डावीकडच्या पानाचं टोक नखाएवढं कापलं. या वेळी ब्लेड परत ठेवलं नाही. सरांनी कधी शीट उघडलं तर कापलेलं पान दिसायला हवं, एवढ्यासाठी. कापलेला तुकडा टाकून द्यायचा मात्र धीर झाला नाही. बटरपेपरात गुंडाळून मी तो एका वेगळ्या डबीत ठेवला. अख्ख्या प्रकरणातला एकुलता एक खरा पुरावा मी खोटं लपवण्यासाठी कापला, आणि मला ते तेव्हाही कळत होतं.

संध्याकाळी सरांच्या घरी गेले. काकूंनी घावणे केले होते. सर पाटावरून उठले, हात धुतले, चष्मा लावला आणि माझे कागद बघायला बसले. बराच वेळ ते त्यातल्या वंशवृक्षाच्या आकृतीवर बोट फिरवत होते.

“म्हणजे धाकुएला इथे,” ते म्हणाले.

“हो, सर.”

“डेंड्रोबियममध्ये.”

“हो.”

“पानाचा सांधा मग? तो नाही त्याचं काय?”

“वंशवृक्षाच्या एखाद्या फांदीत खूण नाहीशी होते, सर. बाकीच्या प्रजातींतही असं दिसलंय.”

हे खरंच आहे. अशा वेळी खरी वाक्यं किती पटापट सुचतात.

सरांनी चष्मा काढला. “पान कुठलं घेतलं होतंस? पाकिटातलं नाही ना?”

ते आरोप करत नव्हते. कुणीही अनुभवी माणूस हे विचारेल, तसंच त्यांनी विचारलं होतं. मी नुसतं ‘पाकिटातलं’ म्हणाले असते तर ते हसले असते, कपाळावर हात मारून घेतला असता, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून नवा तुकडा कापला असता. एवढंच होतं.

“नाही, सर. तुम्ही सांगितलंत तेच. खालचं, डावीकडचं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान डोलावली.

“मग माझंच चुकलं,” ते म्हणाले.

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. “काय चुकलं हो?”

“काही नाही गं. पोरगी हुशार निघाली, एवढंच.”

सकाळी ते कॉलेजात आले. शीटवरचं जुनं नाव आमच्यात खोडत नाहीत. ज्याचं मत बदललं त्यानं नवी चिठ्ठी लिहून शेजारी चिकटवायची, सही-तारखेसह. सरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहिली: डेंड्रोबियम. मला वाटलं, आता ते शीट उघडणार. पण त्यांनी वरचा कागद जेमतेम एका बाजूनं उचलला, चिठ्ठी चिकटवली आणि पुन्हा टाकला. त्यांना बघवत नव्हतं. मी पान कापलं नसतं तरी चाललं असतं.

“धाकूला सांगायला हवं,” ते म्हणाले. “त्याचं नाव होतं ते.”

मी टाळायचा प्रयत्न केला. पण एसटीनं आम्ही गेलोच. धाकू गावडे अंगणात नाचणी वारत होता. सरांनी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं, जसं ते वर्गात सांगत. आपण दोघं समजलो ते चूक होतं, या मुलीनं तपासून काढलंय, आता पुस्तकातून तुझं नाव जाईल.

धाकूनं सूप खाली ठेवलं. “नाव गेला तर जांवदे, सर. झाड आसा मां खंय तरी?”

“असेल.”

“मगे झाला तर.” त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. “बायो, चाय घेतंस मां?”

मी त्याच्या घरचा चहा प्यायले. मला आजही तो चहा आठवला की गिळवत नाही.

पेपर लागला, सरांच्या नावासह. नोकरी लागली. सिमेंटवाल्याला नकार गेला. सरांच्या निवृत्तीच्या समारंभाला मी पुण्याहून आले, पहिल्या रांगेत बसले. बोलायला उभे राहिल्यावर सर स्वतःच्या कामाबद्दल चार वाक्यं बोलले आणि मग म्हणाले, “मला आयुष्यात एकच मोठा सन्मान मिळाला. माझ्या विद्यार्थिनीनं माझ्या घरी येऊन, माझ्या तोंडावर मला सांगितलं की सर, तुमचं चुकलंय. तिला भीती वाटली नसेल? पण ती बोलली.” टाळ्या झाल्या. लोक माझ्याकडे वळून बघत होते. मी हसले. हसले, हे मुद्दाम लिहिते आहे.

निवृत्तीनंतर ते दर रविवारी शाळेतल्या मुलांना डोंगरात न्यायला लागले. निघण्याआधी मुलं त्यांच्या पडवीत बसत, आणि पहिल्या रविवारी त्यांना ‘शर्मिष्ठा नलवडेची गोष्ट’, म्हणजे माझी, सांगितली जाई. मला ते काकूंकडून कळायचं. फोनवर त्या कौतुकानं सांगायच्या, “तुझी गोष्ट या वर्षीही झाली हो.” अशी एकोणीस वर्षं. मी दिवाळीला यायची, पाया पडायची, फराळ खायची आणि परतीच्या गाडीत बसायची. सांगायचं म्हणून निघालेली मी किती वेळा तशीच परत गेले, ते मोजलेलं नाही. दरम्यान धाकू गेला. त्याला सांगायचं राहिलं ते राहिलंच.

गेल्या वर्षी माझ्याच विभागात माझी विद्यार्थिनी डीएनए वाचायचं यंत्र लावत होती. “मॅडम, एक जागा रिकामी राहतेय,” ती म्हणाली. “तुमचं काही आहे का?” मी टेबलाच्या खणातून ती बटरपेपरातल्या तुकड्याची डबी काढून दिली. तिनं काही विचारलं नाही.

निकाल यायला आता फक्त नऊ दिवस लागतात. धाकुएला कुणातच बसत नव्हतं. डेंड्रोबियमपासून चांगलं लांब, एकटं उभं होतं. सरांनी एका भिंगानं जे पाहिलं होतं, तेच.

मी शनिवारी दुपारी त्यांच्याकडे पोचले. सर ऐंशीला टेकलेले, पण ताठ. आरामखुर्चीत बसून शेंगा सोलत होते. मी समोर बसले आणि सांगितलं. पाकीट, देठाची कड, दुपारी कापलेलं पान, सगळं. थांबत थांबत सांगितलं, पण काही गाळलं नाही. काकू मध्ये पाणी ठेवून गेल्या.

सरांनी शेंग खाली ठेवली.

“देठ बघितलास, तो बंगळूरलाच?”

“हो.”

“म्हणजे माझ्याकडे यायच्या आधी.”

“हो, सर.”

“आणि मी विचारलं होतं. पाकिटातलं का म्हणून.”

“विचारलं होतंत.”

मीच बोलत सुटले. “मी दुरुस्ती लिहून पाठवली आहे, सर. सगळं लिहिलंय, काही लपवलं नाही. चौकशी होईल, नोकरीवरही येईल कदाचित. ते यायलाच हवं. पण तुमची प्रजाती परत लागेल. धाकूचं नाव परत लागेल.”

“लागेल,” ते म्हणाले. आनंद त्यांच्या तोंडावर शोधूनही दिसला नाही. “प्रजाती गेली त्याचं मला फार वाटलं नव्हतं, शर्मिष्ठा. खरं सांगतो. माणसाचं चुकतं. वाटलं, चला, आपलं चुकलं, पण आपल्या हातून एक खरं बोलणारं माणूस तयार झालं. मी त्यावर जगलो की इतकी वर्षं.” त्यांनी हाताला लागलेली शेंगांची टरफलं झटकली. “पोरांना सांगत राहिलो. काही पोरं आता स्वतः शिकवतात. तीही सांगत असतील.”

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही.

मग ते म्हणाले, “उद्या नवी मुलं येणार आहेत. थांब.”

“मी सांगते त्यांना, सर.”

“तू नको. गोष्ट मी सांगत आलोय. मीच सांगेन. तू बस नुसती.”

त्या रात्री मी तिथेच राहिले. काकूंनी गादी घातली, पण नेहमीसारख्या गप्पा मारायला बसल्या नाहीत. त्यांनी दाराआडून ऐकलं होतं.

सकाळी सातला मुलं आली. पाचवी-सहावीची, चौदा-पंधरा जणं, पाठीवर पिशव्या, कुणाच्या पायात बूट, कुणाच्या स्लिपर. पडवीत सतरंजी घातली होती. खुर्च्या होत्या, पण खुर्चीवर बसायचं माझ्यानं होईना. मी मुलांच्या मागे, सतरंजीच्या कडेला बसले. त्यांना वाटलं असेल, कुणाची तरी आई आहे.

सर उभे राहिले.

“डोंगरात जायच्या आधी एक गोष्ट,” ते म्हणाले. “मी एक मोठी चूक केली होती. एका झाडाबद्दल. ते झाड मी स्वतः दोन वर्षं बघितलं होतं आणि मला त्याची खूण माहीत होती. मग एक दिवस एक माणूस आलं आणि म्हणालं, तुमची खूण चुकीची आहे. माझ्या कपाटात झाड होतं. दहा पावलांवर कपाट होतं. मी जाऊन बघायला हवं होतं. पण मी झाडाकडे बघितलं नाही. त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, हे माणूस माझ्याशी खोटं बोलणार नाही.”

एकानं विचारलं, “मग ते खोटं बोललं होतं?”

“हो.”

“आणि तुम्हाला कधी कळलं?”

“काल.”

मुलं आपसांत कुजबुजली. दोन वेण्या घातलेली पुढची एक मुलगी गुडघ्यांवर उभी राहिली. “सर, कोण होतं ते माणूस?”

सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते समोरच्या फणसाकडे बघत उभे राहिले, आणि मला कळलं की हे उत्तर ते देणार नाहीत, कितीही वेळ गेला तरी.

मी मुलांच्या मागून हात वर केला.